पाचव्या शीटवरच्या रेषा

मी जात्याच भित्री. लातूरला बारावीच्या शिकवण्यांनी त्या भीतीला नीट खतपाणी घातलं. नांदेडला इंजिनिअरिंगला आले तेव्हा तर ती माझ्याहून उंच झाली होती. त्यात घरी दादा. जळकोटहून इंजिनिअरिंगला गेलेला आमच्या घरातला पहिला. त्याचं पहिलं वर्ष गेलं, पुन्हा बसला, पुन्हा गेलं, आणि एक दिवस तो बॅग घेऊन घरी आला. कुणी रागावलं नाही. फक्त पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जाऊन बसायचा. ड्रॉइंगच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले तर त्या खोलीत आम्ही दोघं बसणार, एवढंच मला सारखं दिसायचं.

ड्रॉइंगच्या शीट आमच्या हॉस्टेलवर कुणी काढत नसे. जीटी मारायची पद्धत होती. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली दिवा, काचेवर सिनियरची जुनी शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि दिसेल ती रेषा गिरवायची. गिरवणारीने विचार करायचा नाही, हा एकच नियम. पाचव्या शीटच्या वेळी मी तापाने घरी होते. परत आले तोवर ती मूळ शीट भलतीकडेच गेलेली. मग लॅबमधला लाकडी ठोकळा समोर ठेवून मी ती स्वतः काढली. ठोकळ्याला आरपार भोक होतं. ते बाजूने दिसत नाही, म्हणून त्या बाजूच्या चित्रात त्याच्या कडा तुटक रेषांनी दाखवायच्या असतात. त्या दोन रेषांपायी माझी दुपार गेली. खरं सांगते, मजा आली.

परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर रांगेत माझी रूममेट माझ्या शीट चाळत होती. ती लोहा गावची, बोलायला फटकळ, पण माझ्यावर जीव होता तिचा.

"अगं, ह्या तुटक रेषा कशाच्या? कुणाच्याच शीटवर न्हाईत."

मी चार-पाच जणींच्या शीट उघडून पाहिल्या. सगळ्यांची ती जागा कोरी.

"भोकाच्या हायेत," मी म्हणाले.

"आम्ही सगळ्या येड्या अन् तू एकटी शहाणी का? खोड लवकर. बाहेरचे सर हायेत, लई कडक."

त्या भोकात मी बोट घालून पाहिलं होतं. तरी खोडरबर काढलं आणि भिंतीला शीट टेकवून दोन्ही रेषा पुसल्या.

परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे होते. चार शीट त्यांनी नुसत्या उलटल्या. पाचवी उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. कडक पेन्सिलीचे वळ खोडल्यावरही कागदावर राहतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"इथे तुटक रेषा होत्या. का खोडल्या?"

मागे सगळ्या जणी शीटच्या गुंडाळ्या घेऊन उभ्या होत्या. रेषा बरोबर होत्या म्हणावं, तर सर प्रत्येकीची पाचवी शीट उघडणार आणि सगळ्यांची जीटी पकडली जाणार. चूक होत्या म्हणावं, तर मी गेले.

"या ठोकळ्याला भोक आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी सही केली, शीट माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "काठावर पास करतो. जा."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच बसले. तिथूनच घरी फोन लावला. पास झाले म्हटल्यावर आई रडायलाच लागली.

"काय इचारलं गं सरांनी?" तिने नाक ओढत विचारलं.

"सोपंच होतं," मी म्हणाले. "मला येत होतं."