ड्रिलमास्तरांचा पंधरा ऑगस्ट

आमच्या सोलापूरच्या शाळेतल्या ड्रिलमास्तरांइतका स्वतःच्या चुका हौसेने सांगणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात झाला नसेल. मास्तर कॅथलिक. दर शनिवारी चर्चमध्ये फादरांपुढे पापनिवेदन करायचे, आणि तेवढ्याने भागत नसे म्हणून उरलेलं स्टाफरूममध्ये. "जनगणमन चालू असताना आज माझ्या मनात भज्यांचा इचार आला," असं त्यांनी एकदा हेडमास्तरांना गंभीरपणे कळवलं होतं. हसावं की मेमो द्यावा, हेडमास्तरांना कळेना. पंधरा ऑगस्टला तर मास्तरांची धांदल बघावी. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही त्याच दिवशी. सकाळी उपाशीपोटी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, मग शुक्रवार पेठेतून सायकल हाणत झेंडावंदनाला. "आई आन् देश, दोघांचा सण एकाच दिवशी. आमची चैन हाय की!" म्हणायचे.

आणीबाणीतल्या एका वर्षी मिस्सा उशिरा होता, म्हणून झेंडा बांधायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी मराठीचा नवखा शिक्षक, नोकरी अजून कच्ची. पाहुण्या साहेबांनी दोरी ओढली, फुलं पडली आणि हिरवा रंग वर! "कुणी बांधला?" साहेब कडाडले. सगळ्यांच्या नजरा आमच्या मंद्रूपच्या म्हाताऱ्या शिपायाकडे गेल्या. "ह्याला आजच घरी पाठवा!" शिपाई हात जोडून उभा. मी गप्प. आजही सांगायला लाज वाटते, पण गप्पच.

तेवढ्यात घामाघूम ड्रिलमास्तर पोचले. पोरांकडून झाला प्रकार कळताच सरळ माझ्याजवळ आले.

"सर, आत्ता बोला. उद्या लई जड जाईल."

"नोकरी जाईल हो माझी."

"जाईल बी. पर भिऊन गप ऱ्हायलो, तर कशाचं स्वातंत्र्य? चला, मी हाय संगट."

त्यांनी माझा हात धरला. "झेंडा मी बांधला," मी कसंबसं म्हणालो. "काम माझं हुतं साहेब, मी ह्यांच्यावर टाकलं," मास्तर लगेच म्हणाले. मेमो दोघांनाही मिळाले आणि माझी नोकरी पक्की व्हायला दोन वर्षं जास्त लागली. शिपाई मात्र राहिला.

"मास्तर, तुम्हाला भीती नाही वाटली?" मी नंतर विचारलं.

"वाटली की! पर देवाला साहेब म्हणतो ना आमी. मग भीतीला बी साहेब कसं म्हणायचं?"

देश मोकळा झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. मी स्वतः मोकळा झालो तो त्या सकाळी. पुढे कुठल्याही साहेबासमोर खरं बोलताना माझी जीभ अडखळली नाही. फक्त मास्तरांना "उपकार झाले" एवढं म्हणायला ती कधी वळली नाही, आणि आता ऐकायला मास्तर नाहीत.