कराटेच्या वर्गात सामायिक

मुलीला कराटेच्या वर्गाला सोडायला मी रोज शहाद्याहून लोणखेड्याला जायचे. वर्ग संध्याकाळी पाचला एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरायचा. तासाभरासाठी घरी परत येण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी पायरीवर मोबाइल बघत बसायचे. शिकवणारे सर एरवी केळीचे शेतकरी. पंधरा दिवस त्यांनी मला तसं बसलेलं पाहिलं आणि मग म्हणाले, "ताई, नुसत्या बशी काय ऱ्हायनात? या मझार." मी चपला काढून आत गेले.

आमचं कुटुंब राजस्थानातून आलेलं, जैन. शहाद्यात भांड्यांचं दुकान. भाजी निवडताना अळी सापडली, तर तिला पानासकट मागच्या अंगणात नेऊन ठेवायची आमच्याकडे पद्धत. अशा घरातली चाळिशीची सून ठोसे मारायला शिकते आहे, हे कसं सांगावं ते सुचेना. मी घरी 'व्यायाम' एवढंच सांगितलं.

हवेत मारलेला ठोसा मला छान जमायचा. समोर माणूस आला की हात थिजायचा. माझी जोडीदारीण गुजर शेतकरी घरातली, रोज चार म्हशींचं दूध काढणारी बाई. ती छातीपुढे पॅड धरून म्हणायची, "ताई, मारा ना! पॅड शे, फुटाव नही." शेवटी एकदा मी डोळे मिटून मारला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मिच्छामि दुक्कडम." माझ्याकडून काही वाईट घडलं असेल तर क्षमा असावी, असा त्याचा अर्थ. आमच्यात संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांना हेच म्हणतात. तिला वाटलं, हा कराटेतलाच शब्द आहे. तिची पाळी आली तेव्हा तिने मला सणसणीत ठोसा लगावला आणि तितक्याच जोरात म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम!" आठवड्याभरात सगळा हॉल ते म्हणायला लागला. दहा वर्षांच्या पोरी एकमेकींना लाथा मारून क्षमा मागू लागल्या. सरांनी अर्थ विचारला, मान डोलावली आणि वर्गाच्या नियमांच्या फळ्यावर तो शब्द लिहून टाकला.

मुलीने जेवताना घरी सगळं सांगून टाकलं. मांजी, म्हणजे माझ्या सासूबाई, पंचाहत्तरीला आलेल्या. मला वाटलं, आता वर्ग बंद. त्या रागावल्या नाहीत. हात धुऊन एवढंच म्हणाल्या, "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी त्या आसन, मुहपत्ती आणि लोकरीची पुंजणी घेऊन आल्या. आधी त्यांनी मॅट तपासल्या. एका कडेने मुंग्यांची रांग चालली होती. पुंजणीच्या मऊ धाग्यांनी त्यांनी एकेका मुंगीला भिंतीकडे पोहोचवलं. तोवर आम्ही अकरा जणी आणि सर कंबरेवर हात ठेवून उभे. मग मांजींनी कोपऱ्यात आसन अंथरलं, तोंडाला मुहपत्ती बांधली आणि सामायिक घेतलं. अठ्ठेचाळीस मिनिटं मन शांत ठेवून, आसन न सोडता बसायचं.

सरांनी मला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "मंग आते वरडानं कसं?" प्रत्येक ठोशाला पोटातून आरोळी द्यायची, हा कराटेचा नियमच. मी म्हटलं, त्या उठेपर्यंत थांबू या. सर म्हणाले, नियम मोडायचा नाही. बराच विचार करून त्यांनी तोडगा काढला, "वरडा. पन आवाज नको."

तेव्हापासून आम्ही बिनआवाजाच्या आरोळ्या ठोकू लागलो. तोंड पूर्ण उघडं, डोळे वटारलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि हॉलमध्ये फक्त पंख्याची घरघर. सामायिक संपलं की मात्र मुली अशा किंचाळायच्या की समोरच्या चहावाल्याच्या हातातलं भांडं हिंदकळायचं. मला वाटलं होतं, मांजी एकदा बघतील आणि पुरे म्हणतील. त्या रोज यायला लागल्या. घरापेक्षा इथे मन लवकर स्थिर होतं, असं त्या म्हणायच्या.

पट्ट्याची परीक्षा घ्यायला नंदुरबारहून एक परीक्षक आले. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. रांग पुढे सरकली, अकरा तोंडं उघडली, आणि परीक्षकांनी स्वतःचे कान दाबून पाहिले. "सगळ्यांचे घसे बसलेत का?" त्यांनी विचारलं. सरांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. परीक्षकांनी डोळे मिटून बसलेल्या मांजींकडे पाहिलं आणि पायातले बूट काढून ठेवले. पुढची सगळी परीक्षा त्यांनी हाताच्या खुणांनी घेतली. मला पिवळा पट्टा मिळाला. माझ्या कागदावर आवाजाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'चेहऱ्यावर समाधानकारक.'

त्याच हिवाळ्यात मांजी आणि मी एका लग्नासाठी बसने सुरतला निघालो. विसरवाडीला गाडी चहासाठी थांबली. परत चढताना खिडकीच्या जागेवरून दोन पुरुषांची जुंपली. एकाने रुमाल टाकून जागा धरली होती आणि दुसरा त्या रुमालावरच बसला होता. शिव्यांवरून प्रकरण हातावर आलं आणि दुसरा उठून मधल्या वाटेत आला. रुमालवाल्याने हात उगारला. दुसरा खाली वाकला आणि तो हात थेट त्याच्या मागे उभ्या असलेल्या मांजींकडे आला.

माझा डावा हात वर गेला. त्याचं मनगट माझ्या हाडावर आपटलं आणि तो धप्पकन मधल्या वाटेत बसला.

"मिच्छामि दुक्कडम," मी म्हटलं.

"काय बोलनी ती?" त्याने कळवळत विचारलं.

"जपानी शे," दुसरा म्हणाला, आणि खिडकीच्या जागेचा नाद मुकाट्याने सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मांजींनी पिशवीतून बाम काढला आणि त्या माणसाचं मनगट चोळून दिलं. दोघंही एका बाकावर बसले. कंडक्टर आमच्याकडे तिकीट विचारायला दोनदा येऊन परत गेला.

नवापूर मागे पडल्यावर मांजींनी विचारलं, "बींदणी, हात तू उचललास की आपोआप गेला?"

"आपोआप गेला."

"बरं. तो खाली बसला तेव्हा आनंद झाला?"

नाही म्हणणं सोपं होतं. "झाला," मी म्हटलं, "खूप झाला."

"मग उद्या आयंबिल कर."

आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून बेचव अन्न खायचं. तूप नाही, तेल नाही, दूध नाही, मसाला नाही. दुसऱ्या दिवशी सुरतला मांडवात तुपातल्या घारी मिठाईची ताटं फिरत होती आणि मी एका बाजूला उकडलेले मूग घेऊन बसले होते. थोड्या वेळाने मांजी आल्या आणि तसलंच मुगाचं ताट घेऊन माझ्या शेजारी बसल्या.

"तुम्ही कशाला, मांजी?"

त्यांनी दोन घास सावकाश खाल्ले. मग कुणी ऐकत नाही ना, हे बघून म्हणाल्या, "तो बसला तेव्हा मलाही झाला."

आणि पुढचा घास उचलत, "तुझ्यापेक्षा कमी."