आतोबांचं हित्तल

माझ्या आतोबांच्या घरात आलेली एकही वस्तू दुकानातून निघाली त्या रूपात आठ दिवस टिकली, असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. दुकानदार वस्तू अर्धवट बनवून विकतात आणि ती पुरी करणं हे गिऱ्हाइकाचं काम असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. म्हैसूरजवळ मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. आमचे पूर्वज इथल्या संस्थानाच्या फौजेत होते. त्यांच्या तलवारी कुठे गेल्या ते ठाऊक नाही, पण असत्या तर आतोबांनी त्यांचे विळे केले असते हे नक्की. मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते तेव्हा त्यांची सुट्टी घरामागच्या परसात जायची. परसाला आमच्या घरात कानडीतलं हित्तल हेच नाव. तिथे जुन्या खाटेच्या सांगाड्यावर घेवडा चढलेला असे, फुटक्या बादलीत कढीलिंब असे, आणि लष्कर मोहल्ल्यातल्या भंगारवाल्याकडून आणलेले पाइप भिंतीशी ओळीने उभे असत. "नवं सुम्ने कशाला आणायचं?" असं ते विचारत. सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू यायचा.

एकदा त्यांनी पाण्याच्या टाकीत तरंगता डबा सोडला, त्याला दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला स्वयंपाकघरात सायकलची घंटा लावली. टाकी भरली की घंटा वाजायची. योजना उत्तम होती. फक्त पुढच्या दारालाही तशीच सायकलची घंटा होती. पोस्टमन आला की आत्या पंप बंद करायची आणि टाकी भरून वाहू लागली की पदर सावरून दार उघडायला जायची. "एकीचा आवाज बदला ना," असं तिने महिनाभर सांगितलं. शेवटी तिनेच टाकीच्या घंटेला काथ्या गुंडाळला, आणि तेव्हापासून टाकी खोकल्यासारखी वाजू लागली. हे नेहमीचंच होतं. आतोबांचं प्रत्येक काम बारा आणे व्हायचं आणि तेवढ्यात त्यांना पुढचं सुचायचं. उरलेले चार आणे आत्या काथ्याने बांधून पुरे करायची. हित्तलातली निम्मी यंत्रं तिच्या गाठींवर उभी होती.

पुष्पाक्काचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्नही हित्तलामुळेच जमलं. आतोबांनी हित्तलात लाकडी पेटीत दिवा लावून अंडी उबवायला ठेवली होती. नेमका पुष्पाक्काला बघायला मंडळी यायच्या संध्याकाळी करंट गेला. आतोबांनी अकराच्या अकरा अंडी घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि बैठकीत भिंतीला टेकून बसले. पाहुणे आले तरी ते उठले नाहीत. "क्षमा करा, मांडीवर अंडी आहेत," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. मुलाच्या आईने आत्याकडे पाहिलं, आत्याने छताकडे पाहिलं. मुलगा मात्र उठला. "शेजारी दिवे आहेत, म्हणजे तुमचाच फ्यूज गेला असणार," असं म्हणत त्याने पाच मिनिटांत दिवे आणले. हा रघू. आतोबांनी पत्रिका मागितलीच नाही. घोंगडीसकट अर्धवट उठत ते आत्याला म्हणाले, "आयतु, ठरलं." पोहे अजून यायचे होते.

आतोबा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी आत्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू ती उभी राहू लागली, पण चालायचं नाव काढीना. हित्तलाकडे पाठ करून ती दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहायची. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितलं. "काठी बघून कोंबड्या पळतील. त्यांना वाटेल हाकलायला आले," ती म्हणाली, आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतोबा टेप घेऊन आले. "अगं, स्वल्प उभी राहा." त्यांनी जमिनीपासून तिच्या मनगटापर्यंतचं माप घेतलं. लिहून ठेवलं, पुन्हा घेतलं, दुपारी जेवणानंतर परत एकदा घेतलं. मग रघूला घेऊन बाजारात गेले आणि कोरे करकरीत पाइप घेऊन आले. हित्तलासाठी नवा माल आणताना त्यांना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. मागच्या दारापासून खुराड्यापर्यंत कठडा करायचा होता, आणि जाता-येता दोन्ही वेळा तिचा डावा हातच धरणार म्हणून तो वाटेच्या दोन्ही बाजूंना हवा होता. रघूने सांधे जोडले, आतोबांनी ते कानशीने घासले. घासून झालं की आत्याचं जुनं मऊ लुगडं पाइपवरून फिरवायचे. कुठे धागा अडकला की पुन्हा घासायचे. अठरा दिवस त्यांना दुसरं काहीही सुचलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी आत्या कठडा धरून निघाली. आतोबा बाजूने चालत होते, हात न लावता. खुराड्याशी पोचायला तिला बराच वेळ लागला. तिथल्या स्टुलावर बसून तिने सगळा कठडा एकदा नजरेने तपासला.

"कुठंच काथ्या नाही?"

"नाही."

"मग मी काय करायचं?"

आतोबांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "हे खुराड्याचं दार सैल झालंय बघ."

आत्याने डाव्या हाताने आणि दातांनी मिळून गाठ मारली. त्या दाराची बिजागरी आतोबांनी आदल्या दिवशी स्वतः काढून खिशात टाकली होती, हे रघूने मला फार उशिरा सांगितलं.

त्यानंतर सहा वर्षं ती रोज दोन वेळा त्या वाटेने गेली.

मागच्या महिन्यात मी म्हैसूरला गेले होते. आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आतोबांनी ऐंशी ओलांडली आहे, गुडघे धरतात, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला जाताना त्यांनाही आधार लागतो. ते उंच, आत्या त्यांच्या खांद्याशी जेमतेम यायची. त्यामुळे कठडा धरायचा म्हणजे त्यांना कमरेत वाकावं लागतं. पुष्पाक्काचा जीव तुटतो. माझ्यासमोरच ती म्हणाली, "अप्पा, रघू एका सकाळीत वर उचलून देतील. तुम्ही का सुम्ने त्रास करून घेता?"

"उंची बरोबर आहे," आतोबा म्हणाले. "मी तीनदा मापली होती."

आणि दाण्यांचा डबा काखेत धरून, वाकून, ते सावकाश खुराड्याकडे निघाले.