तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

समुपदेशनाच्या एम.ए.ला मी एकाच प्रश्नावर अडखळायचो. 'जीव द्यावासा वाटतो का?' हे आडवळणं न घेता विचारायचं, असा मॅडमचा दंडक. मला मात्र घाम तरी फुटायचा, नाहीतर हसू. म्हणून परभणीतल्या आमच्या वर्गात एका दुपारी रिकामी खुर्ची समोर ठेवून मी तालीम सुरू केली. शिडीवर पन्नाशीचा एक वायरमन पंखा बसवत होता, ओठांत दोन स्क्रू धरून. त्याला मी माणसांत धरलंच नव्हतं.

पहिल्यांदा मी पुटपुटलो. दुसऱ्यांदा फारच नाटकी झालं. तिसऱ्यांदा आवाज नीट लागला, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

वरची खुडबुड थांबली. त्यानं ओठांतले स्क्रू काढून खिशात घातले. "हो, सर."

मी मान वर केली.

"दोनदा वाटलं, तुमी खुर्चीला इचारायलाव," तो पंख्याकडेच बघत म्हणाला. "पण आजवर मला कुणी एकदाबी इचारलं न्हाई."

पुढचे सगळे प्रश्न मला पाठ होते. एकही आठवेना. "काका, खाली या," एवढंच तोंडातून निघालं. तो उतरला, खुर्चीवर बसला. मी मॅडमना फोन लावला आणि त्याचा हात धरला.

हात धरायचा नसतो, हेही आम्हाला शिकवलं होतं. मॅडम धावत आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि मला म्हणाल्या, "सोडू नकोस."