दुखानमधला ग्रीबो

रबियाचा नवरा रहमान होडेकर मोजेसुद्धा इस्त्री करून घालायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याचा एक केस कपाळावर आलेला तिनं पाहिला नव्हता. आखातातल्या दुखानच्या तेलक्षेत्रात एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये तो तीस वर्षं होता. उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या घरातून पहाटे गाडी काढायचा, आणि त्याच्या फळीवर नटबोल्टसुद्धा नमाजातल्यासारखी सफ धरून रांगेत उभे असतात, असं त्याचे सोबती म्हणायचे.

माणूस मूळचा रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचा. वडील विलायतेत, ब्लॅकबर्नच्या कापडगिरणीत होते, आणि दहाव्या वर्षी त्यांनी रहमानला तिकडे नेलं होतं. विसाव्या वर्षी तो परत आला, दोन-तीन वर्षांनी रबियाशी लग्न झालं. मधल्या दहा वर्षांबद्दल तिनं कधी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असायचं. "थंडी होती. आणखी काय?"

निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं कँटीनमध्ये दुपारचं जेवण ठेवलं आणि घरच्यांनाही बोलावलं. रबिया नवा ड्रेस शिवून गेली. मुलगी शफा शहरात अबू हमूर भागातल्या दवाखान्यात कामाला होती, ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. मॅनेजर रहमानच्या शिस्तीचं कौतुक करत होता, माना डोलत होत्या. तेवढ्यात मागच्या टेबलावरचा एक पिकल्या केसांचा गोरा ताडकन उठला. सेफ्टीच्या तपासणीसाठी तो दोन दिवसांपूर्वीच इंग्लंडहून आला होता.

"रॅमी?" तो ओरडला. "ग्रीबो रॅमी! अरे, तूच की!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रहमानच्या हातातला ज्यूसचा ग्लास कलंडला आणि पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडला. त्यानं तो पुसलाही नाही.

रबियाच्या कानावर शब्द पडला तो भलताच. ती शफाच्या कानाशी लागली. "काय म्हटलान त्यानी? गरीब? भर सभेत माझ्या घोवाला गरीब म्हणतो?"

"गरीब नाही, अम्मी. ग्रीबो." शफानं तोवर फोनवर शोधलं होतं. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. "जुनी ब्रिटिश बोली आहे. लांब, न विंचरलेले केस, मळके कपडे, कानठळ्या बसवणारं गिटारचं संगीत. असल्या पोरांना लोक नाक मुरडून ग्रीबो म्हणायचे."

"मग तो दुसरा कोणतरी असेल."

पण गोरा रहमानला मिठी मारून मोकळा झाला होता. त्याचं नाव कॉलिन. दोघं एका गल्लीत वाढलेले. त्यानं फोनमधला जुना फोटो काढून आधी शफापुढे धरला, मग रबियापुढे. खांद्याखाली लोंबणाऱ्या जटा, गुडघ्यांवर फाटलेली जीन्स, आठवडाभर पाणी न लागलेलं तोंड. आणि डोळे मात्र रहमानचे. पोरगा ड्रमच्या मागे बसला होता आणि तोंड उघडून हसत होता. नवऱ्याला असं हसताना रबियानं कधी पाहिलं नव्हतं.

परका माणूस आपल्या घरात बत्तीस वर्षं जेवून गेला, असं काहीतरी तिला वाटलं.

शफानं फोटोवर बोट ठेवलं. "ड्रम्स," ती एवढंच म्हणाली.

रबियाला कळलं. शफा चौदा वर्षांची असताना शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. हे समजलं त्या दिवशी रहमान तडक शाळेत गेला आणि बँडमधून तिचं नाव काढून आला. "आपल्या घरात हे चालत नाय. खलास." पोर आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडली होती. रबियानंही नवऱ्याचीच बाजू घेतली होती.

परतताना शफा गाडीत मागच्या सीटवर बसली होती. निम्म्या वाटेवर रबिया म्हणाली, "शफाचे अब्बा, केसांचां मना काय नाय. जवानीत माणूस काय काय करतो. पण बायकोपासून लपवलंत कशाला? आणि पोरीला का रडवलंत?"

रहमाननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. समोर काचेतून उन्हानं पांढरं पडलेलं माळरान दिसत होतं. तो तिकडेच बघत बोलला.

"एका रात्री आमच्या बँडचा कार्यक्रम होता. दोन दिवस मी घरी गेलो नव्हतो. बाबा शोधत आले. गिरणीचा डगला, डोक्यावर टोपी. दारातली पोरं त्यांना हसायला लागली. एकानं मला विचारलं, हा म्हातारा तुझा कोण?" त्यानं इंजिन बंद केलं. "मी म्हटलं, ओळखत नाय."

रबियाच्या तोंडून "या अल्ला" निघालं.

"बाबांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, वळून गेले. पहाटे मी घरी गेलो तर माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. पुढे कर्ल्याला परतून तिथेच वारले, पण आयुष्यभरात त्यांनी ती गोष्ट एकदाही काढली नाय. मीही नाय. केस कापले आणि कर्ल्याला आलो. मला वाटलं, त्या आवाजानंच मला बिघडवलं. शफाच्या हातात काठ्या बघितल्या आणि..."

"आवाजानं नाही, अब्बा," मागून शफा इंग्रजीत म्हणाली. "ते तुम्ही म्हणालात."

रहमाननं किल्ली फिरवली. गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

चार दिवस असेच गेले. शुक्रवारी नमाजहून आल्यावर रहमान शफाच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि इंग्रजीत बोलू लागला. रबिया स्वयंपाकघरात थबकली. ऑफिसातलं मोजूनमापून बोललेलं इंग्रजी नव्हतं ते. हेल काढून, शब्द गिळत बोललेलं, कुणा गल्लीतल्या पोराचं होतं. त्यानं माफी मागितली. शहरात ड्रमचे क्लास आहेत, फी मी भरतो, म्हणाला.

एरवी बापाच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी शफा मराठीत बोलली. "आता नको, अब्बा. नऊ वर्षं झाली. आता मला तसं काही वाटतच नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच रबियाला सोसवेना. तिला वाटलं होतं, पोर रडेल, भांडेल, मग मिटेल.

रहमान ओट्यापाशी येऊन उभा राहिला. रबियानं त्याच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांनी ते कायमचे कर्ल्याला जाणार होते.

"पोचलो की आधी कबरस्तानात, तुमच्या बाबांच्या कबरीवर जायचां," ती म्हणाली. "घराचां कुलूप मगे उघडू."

"तिथे जाऊन काय सांगू?"

"ते तुमचां तुमी बघा. मी दाराशी थांबेन."

रहमान "इन्शाल्ला" म्हणाला आणि तिच्या हातातला पाण्याचा जग घेऊन टेबलाकडे गेला.