पाठीवरचं बाळ

सुतारबाबा लाकडाला पटाशी लावण्याआधी त्यावर ओंजळभर पाणी शिंपडायचे आणि त्याची माफी मागायचे. लाकूड तरी कसलं, स्टेडियमच्या साइटवरचे सेंट्रिंगचे टाकून दिलेले ठोकळे.

ते घानाचे. साइटवर सुतार होते. तिथलं काम संपत आल्यावर कंपनीने त्यांना शहरातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या बिल्डिंगवर वॉचमन केलं. मी गाव सोडून आखातात आलेली, तिसऱ्या मजल्यावर एका पुण्याच्या कुटुंबाकडे स्वयंपाकाला होते. मला कुणाशी बोलायची लाज वाटे. पण कचरा टाकायला उतरले की त्यांचे हात बघत उभी राहायचे. एका ठोकळ्यातून ते आई आणि बाळ कोरत होते. रेघ नाही, माप नाही. तरी बाळाची बोटं आईच्या खांद्यात अशी रुतलेली, की माझाच खांदा जड व्हायचा.

मूर्ती पुरी झाली. बाळ पाठीला बांधलेलं आणि आईची नजर सरळ समोर. मला ते खटकलं. धीर करून विचारलं, "बाबा, ये माँ बच्चे को देखती क्यों नहीं?"

"बच्चे को देखेगी तो रास्ता कौन देखेगा?" साइटवर शिकलेल्या हिंदीत ते म्हणाले.

"पर बच्चा सोया कि रोया, कैसे समझेगा?"

"पीठ को मालूम है, सिस्टर."

वर जाऊन भांडी घासता घासता मी रडले. चार वर्षांच्या मुलीला बहिणीकडे ठेवून मी आले होते. आता ती फोनवर यायचीच नाही. बहीण म्हणायची, "अगं, आई आहे!" आणि मागून आवाज यायचा, "तूच बोल." मला वाटायचं, विसरली ती मला.

दुसऱ्या दिवशी बाबा पाणी आणायला गेले, तेव्हा डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन मी त्या लाकडी बाळाच्या गालाला तीट लावली. ते परत आले. पांढऱ्या लाकडावर काळा ठिपका! मी चोरासारखी उभी. "नजर न लगे..." एवढंच मी बोलले.

बाबांनी ठिपका पुसला नाही. मूर्ती माझ्या हातात दिली. "निशान किया ना? अब तुम्हारा."

रस्त्यांवर मॅचचे झेंडे लागत होते तेव्हाच त्यांचं काँट्रॅक्ट संपलं. एक बॅग घेऊन निघाले. मी मान खाली घालून उभी होते. ते हसले, "सिस्टर, सामने देखो."

वर्षभराने मी गावी बहिणीकडे आले. मुलगी दाराआड गेली. मी तिला ओढलं नाही. मूर्ती फळीवर ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसले. बऱ्याच वेळाने पाठीला काहीतरी ऊबदार टेकलं.

मी वळून बघितलं नाही. समोर तव्याकडे बघत राहिले. भाकरी करपली, तरी हलले नाही.