गाळलेली चार पानं

माझे सासरे पिढ्यान् पिढ्या मराठवाड्यातले, घरात बोलायचे ते मराठीच, पण वाचायचे ते उर्दू. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत आणि कचेरीही उर्दूत. मराठी त्यांना वाचता यायचं, पण ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे नागपुरात राहायला आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे थोडे आणि कादंबऱ्या जास्त होत्या. मी त्या उलट्या बाजूनं उघडल्या. ते हसले आणि म्हणाले, "सूनबाई, हे पुस्तक मागून पुढं वाचायचं."

आम्ही दोन खोल्यांत राहायचो. हे टेलिफोन खात्यात होते, मुलगी दोन वर्षांची. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. ते सकाळी चहा घेऊन चालत मोमिनपुऱ्यात जायचे. तिथं गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं. येताना बगलेत दोन कादंबऱ्या आणि मुलीसाठी खारी असायची. मग जेवणापर्यंत त्यांचं जगाशी नातं संपलेलं. मध्येच मोठ्यानं म्हणायचे, "अरे, काय मूर्ख बाई आहे ही!" मी स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण?" आणि ते मला त्या बाईची सगळी कर्मकहाणी सांगायचे.

असं चार वर्षं चाललं. मग ते दारच्या चौकटीला धडकायला लागले. आधी आम्हाला वाटलं, वय झालं. एकदा त्यांनी पाण्याचा पेला टेबलाच्या शेजारी, हवेत ठेवला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरीनं बराच वेळ डोळे तपासले आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मोतीबिंदू असता तर काढला असता. हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही."

मामाजींनी ते ऐकलं होतं. रिक्षात बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "घरातलं पुस्तक अर्धं राहिलंय."

शेवटी शेवटी ते पुस्तक नाकाला टेकवून वाचायचे, एकेक शब्द. दिवाळीनंतर तेही बंद झालं. ह्यांनी रेडिओ आणून दिला. मामाजी तो शेजारच्यांना त्रास नको इतक्या हळू आवाजात लावायचे आणि थोड्या वेळानं बंद करायचे. मी त्यांना मराठी कादंबरी वाचून दाखवायला घेतली. दोन दिवस त्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "राग मानू नकोस, पण तुमच्या मराठी कादंबरीत माणसं एकमेकांना उपदेश करायला जमतात. आमच्या उर्दूतली माणसं चुकतात आणि रडतात. मला तेच बरं वाटतं."

"मामाजी, पण मले तर उर्दू नाही वाचता येत," मी म्हणाले.

"मी कुठं म्हणालो तुला?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मला ते पाहवेना. अर्ध्या राहिलेल्या कादंबरीची मुदत कधीच उलटून गेली होती. ती परत करायच्या निमित्तानं मी दुकानात गेले. दुकानदार म्हातारा होता. मामाजींचं ऐकून त्यानं ती कादंबरी माझ्याच हातात परत ठेवली. मग म्हणाला, "किताब रहने दो. उन्हीं के पास अच्छी है." कुणी घरी येऊन वाचून दाखवेल का, असं मी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग समोरच्या घराकडे बोट दाखवून म्हणाला, तिथं मुलींच्या उर्दू शाळेतल्या एक बाई राहतात, त्यांना विचारून पाहा.

त्या बाईंना सगळे आपा म्हणत. त्यांना रोज येणं शक्य नव्हतं. शाळा, घर, आजारी आई. पण त्या म्हणाल्या, "तुम खुद क्यों नहीं सीख लेतीं?" कशासाठी शिकायचं ते मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. असल्या बाजारी कादंबऱ्या त्यांच्या शाळेतल्या मुली वहीत लपवून वाचायच्या आणि त्या जप्त करणं आपांचं काम होतं.

तरी त्यांनी शिकवलं. मुलीला शेजारी ठेवून मी आठवड्यातून तीन दुपारी जायची. शेजारीण विचारायची, "काहून वं, या वयात उर्दू काहून शिकून राहिली?" मी म्हणायची, "मामाजींसाठी." तिला ते पटायचं नाही. सासऱ्यासाठी औषध आणतात, पथ्य करतात. लिपी कोणी शिकत नाही.

अक्षरं आली, पण वाचता येईना. मराठीत जे लिहिलंय तेच वाचायचं, एवढं मला ठाऊक. इथं अर्धे स्वर लिहीतच नाहीत. 'इस' आणि 'उस' एकाच रूपात. 'क्या' आणि 'किया' एकाच रूपात. "ओळखायचं कसं?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. आपा म्हणाल्या, वाक्य पुढं वाच, अर्थ आपोआप मागे येतो. मला वाटलं, माझ्यानं हे होणार नाही. रोज वाटायचं. पण घरी आलं की मामाजी पावलांच्या आवाजानं ओळखायचे आणि विचारायचे, "आज कुठवर आलीस?" मग दुसऱ्या दिवशी न जाणं जमायचं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पहिलं पान वाचून दाखवलं. अर्ध्या राहिलेल्या त्याच कादंबरीचं. एका पानाला पाऊण तास लागला. मी प्रत्येक शब्दावर अडायची आणि मामाजी तो पुरा करायचे. पान संपलं तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "उच्चार भयंकर आहेत तुझे. पुढचं वाच."

पुढची दोन वर्षं आम्ही किती कादंबऱ्या वाचल्या त्याची गणती नाही. जेवणं झाली, भांडी झाली, मुलगी निजली की मी पुस्तक घेऊन बसायची. आणि आता इतक्या वर्षांनी खरं सांगायला हरकत नाही: त्यातल्या पुष्कळशा वाईट होत्या. नायिका दर तिसऱ्या पानाला रडायची. तिचं लहानपणी चुलतभावाशी ठरलेलं असायचं आणि तो विलायतेला जाऊन बदलून यायचा. मावशी घरात आली की समजावं, आता घर फुटणार. पत्र कधीच योग्य माणसाच्या हातात पडायचं नाही. मी वैतागून म्हणायची, "मामाजी, हिनं एकदा तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर दहाव्या पानावर संपलं असतं हे पुस्तक."

"तू सांगतेस का घरात सगळं तोंड उघडून?" ते विचारायचे.

मी पुढचं पान वाचायला घ्यायची.

हेरगिरीच्या कादंबऱ्या मला जास्त आवडायच्या, पण तिथं माझी फजिती व्हायची. एकदा शेवटच्या प्रकरणात मी "खून इसने किया" असं वाचलं आणि दोन पानं त्याच समजुतीत पुढं गेले. मामाजी अस्वस्थ झाले. "हा कसा असेल? हा तर तेव्हा तुरुंगात होता!" मागे जाऊन पाहिलं तर तिथं 'उसने' हवं होतं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दोन वर्षांत त्यांना इतकं हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं असेल.

एक गोष्ट मात्र मी त्या कादंबऱ्यांच्या बाजूनं सांगेन. त्यांतल्या बायका घरात काय करतात ते लेखकांना ठाऊक होतं. शिवणयंत्रात दोरा कसा तुटतो, उष्टं कुणाला वाढतात, कुणाच्या ताटात भाजी कमी पडते. मराठीत मी तोवर वाचलेल्या नायिका खिडकीशी उभ्या असायच्या. या बायका कामाला होत्या.

मग ती कादंबरी आली. दुकानदारानंच काढून दिली होती, लोकप्रिय आहे म्हणून. निम्म्यावर आल्यावर नायकाच्या बापाची दृष्टी जाते. रात्री वाचताना अडू नये म्हणून मी दुपारीच पुढची पानं नजरेखालून घालायची. त्या पानांत सून सासऱ्याला वेगळ्या ताटलीत जेवायला देते, तो चाचपडत असताना पाहुण्यांसमोर हसते, आणि मुलगा सगळं पाहून वर्तमानपत्र तोंडापुढं धरतो. शेवटी म्हातारा भिंत धरत धरत घराबाहेर पडतो. चार पानं होती.

मी ती गाळायची ठरवली. वाचत वाचत आले आणि आवाज न बदलता चार पानं एकदम उलटली. पुढच्या परिच्छेदातली दोन वाक्यं वाचली.

"चार पानं राहिली," मामाजी म्हणाले.

"चिकटली होती," मी म्हणाले.

"मी ही कादंबरी वाचलेली आहे सूनबाई. डोळे होते तेव्हा. वाच."

"मामाजी, राहू द्या ना."

"वाच."

मी वाचली. वाचताना मला त्या लेखकाचा इतका राग आला की पुस्तक फाडावंसं वाटलं. मी जितकी सावरायची तितके उच्चार बिघडत होते. मामाजी ताठ बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंय. पण एक चुकलंय. आंधळा माणूस भिंत धरून बाहेर जात नाही. भिंत धरून तो घरातच फिरतो. बाहेर जायला कुणीतरी लागतं."

मी चहा ठेवायला उठले.

त्याच वर्षी मला पुन्हा दिवस गेले. बाळंतपणाला माझी आई येणार होती. दोन खोल्यांत किती माणसं मावणार, असं आधी सगळे हसून म्हणत. मग परभणीहून माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आले. त्यांचं म्हणणं, थोरला मुलगा असताना बाप धाकट्याकडे राहतो, लोक नावं ठेवायलेत. आणि आता तर निमित्तही आहे. हे मान खाली घालून "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'ठीक आहे' असा होता.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला म्हणायचं होतं की तिकडे त्यांना वाचून कोण दाखवणार? पण हे वाक्य मनात उच्चारलं तरी हास्यास्पद वाटत होतं. माणसाच्या राहण्या-खाण्याची गोष्ट चालली असताना कादंबऱ्यांचं काय घेऊन बसायचं? शिवाय माझ्या पोटामुळेच तर ते चालले होते. थकत होते मी. मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

मामाजींना कुणी विचारलं नाही. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

मी ट्रंकेत त्यांच्या कादंबऱ्या भरल्या. ते म्हणाले, "कशाला देतेस? ओझं." तरी मी भरल्या.

मुलगा झाला. वर्ष कसं गेलं कळलं नाही. मी पत्रात दर वेळी जाऊबाईंना लिहायची, तिथं कुणी उर्दू जाणणारं भेटतं का पाहा. परभणीत तर पुष्कळ असतील. जाऊबाई लिहायच्या, मामाजी मजेत आहेत, जेवण व्यवस्थित आहे. ते खोटं नव्हतं. पुढच्या थंडीत आम्ही गेलो तेव्हा मी पाहिलं, त्यांचे कपडे स्वच्छ होते, ताट सगळ्यांसारखंच होतं, नातवंडं हात धरून न्हाणीपर्यंत नेत होती. कुणाला बोल लावावा असं काही नव्हतं. ट्रंक माळ्यावर होती, एवढंच.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ट्रंक काढू का, विचारलं. ते म्हणाले, "कशाला धूळ काढतेस. दोन दिवसांत किती वाचशील?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी मनातच एक करायलोय."

"काय?"

"कादंबरी. एक बाई आहे. पूर्णा जंक्शनवर गाठोडं घेऊन बसलीय. नवऱ्याशी भांडून निघालीय. पण तिला कुठल्या गाडीत बसवावं ते मला सुचत नाही. तीन महिने झाले, ती फलाटावरच आहे."

मी म्हणाले, "माहेरी पाठवा."

"माहेरी गेली तर संपली की गोष्ट." ते म्हणाले. "आणि परत घरी पाठवावी तर ती ऐकत नाही. तू इतक्या वाचल्यास. सांग, काय करू तिचं?"

मला काही सुचेना. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. मी म्हणाले, विचार करून पत्रानं कळवते. म्हणाले खरी, आणि लगेच लक्षात आलं की पत्र जाऊबाईच वाचून दाखवणार, म्हणजे मामाजींची मनातली गोष्ट घरभर होणार. बाहेर हे घाई करत होते, एसटीची वेळ झाली होती, बाळ रडत होतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझं डोकं चाचपलं आणि म्हणाले, "जा, गाडी चुकेल."

त्या उन्हाळ्यात ते गेले. तार आली तेव्हा मुलाला गोवर होता. हे एकटेच गेले.

नंतर वर्षभर मी मोमिनपुऱ्यातून कादंबऱ्या आणत राहिले. एकटीनं वाचताना मात्र त्यांतलं काहीच खपेना. तीच मावशी, तेच चुकलेलं पत्र, तेच रडणं. दहा पानांत मी पुस्तक मिटायची. आपा रस्त्यात भेटल्या तर म्हणायच्या, आता चांगली पुस्तकं वाच, मी देते. मी हो म्हणायची. त्यांनी दिलेली दोन-तीन मी वाचलीही. चांगली होती. पण मध्ये थांबून "मूर्ख आहे ही बाई" असं म्हणावं, असं त्यांत कुणी नव्हतं, आणि म्हटलं तरी ऐकायला घरात कुणी नव्हतं. हळूहळू जाणं सुटलं. अक्षरं अजून ओळखू येतात, पण शब्द लागायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली की ओळ हातची जाते.